‘आता घरी घेऊन जा’ असं सांगितल्यावर कुठे जायचं, कोणाला विचारायचं?

प्रश्न: माझे वडील ७६ वर्षांचे आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरलाय. केमो थांबवली आणि डॉक्टर म्हणाले, “आता घरी घेऊन जा, सेवा करा.” घर साताऱ्याजवळच्या गावात आहे, मी पुण्यात असते, भाऊ टोरांटोला. नेमकं काय झालंय हे आम्ही बाबांना सांगितलेलं नाही. भाऊ म्हणतो, वेळ आलीच तर आयसीयूत ठेवा, पैशाचं बघू नका. आई नुसती बसून असते. मदत कुठे मिळते, लिव्हिंग विल करावं का, शेवटी नेमकं काय होतं, नंतरचं काय, कोणाला विचारावं तेच सुचत नाही.

उत्तर:

ताई, कागदपत्रं, हेल्पलाइन, औषधं या सगळ्याबद्दल पुढे लिहितोच. पण त्याआधी एक काम आहे आणि ते याच आठवड्यात करायला हवं. बाबांशी बोला. त्यांना काय हवंय हे त्यांच्याच तोंडून एकदा कळलं की बाकीच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं सोपी होतात. ते कळलं नाही, तर उद्या रात्री दोन वाजता धाप लागल्यावर तुम्ही, आई आणि फोनवरचा भाऊ अंदाजाने निर्णय घ्याल आणि पुढची कित्येक वर्षं तोच अंदाज मनात उगाळत बसाल. घरी जाऊन रुग्ण बघण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. रुग्ण गेल्यानंतर सगळ्यात जास्त काळ छळणारा प्रश्न मी घराघरांत ऐकलाय, तो हाच: “त्यांना हे चाललं असतं का हो?”

“बाबांना माहीत नाही” असं तुम्ही लिहिलंय. माझ्या अनुभवात असा रुग्ण विरळा. वजन उतरलंय, कावीळ झालीय, केमो बंद झालीय, नातेवाईक रांग लावून भेटायला येतायत आणि सगळे कुजबुजतायत. आयुष्यभर पोरांच्या चेहऱ्यावरून चूक ओळखणाऱ्या मास्तरांना एवढं कळत नसेल?

एका घरातली गोष्ट सांगतो, ओळख पटेल असं काही न लिहिता. गुळाचे व्यापारी होते. स्वयंपाकघरात बायको मला हळूच म्हणाली, “यांना काही सांगू नका, खचतील.” ती चहा टाकायला वळली, तसे आतून शेठ मला म्हणाले, “हिला बोलू नका डॉक्टर, पण माझं आता काही खरं नाही ना?” दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही एकमेकांना जपत होती. त्या जपण्यात तीन आठवडे गेले. मग ते गुंगीत गेले आणि कोणाकडे किती येणं आहे, कोणाचं किती देणं आहे, हे त्यांच्याबरोबरच गेलं. बाईला पुढे वर्षभर लोक घरी येऊन सांगत होते की शेठचं माझ्याकडे काही बाकी नाही. पैशाचं दुःख तिने गिळलं. पण “मी शेवटी त्यांच्याशी धड बोललेसुद्धा नाही” हे तिला गिळता आलं नाही.

बोलायचं कसं? बातमी सांगितल्यासारखं सांगायची गरज नाही. विचारायचं आणि थांबायचं. “बाबा, डॉक्टर काय म्हणाले असं तुम्हाला वाटतंय?” एवढं विचारून गप्प बसा. ती शांतता भरून काढायची घाई करू नका. ते “मला नाही जाणून घ्यायचं, तुम्ही बघा” म्हणाले, तर तेही उत्तरच आहे. मग “तुमच्या वतीने कोणी ठरवायचं?” एवढंच विचारा. आणि बोलू लागले, तर हळूहळू पुढचे प्रश्न येऊ द्या: सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते? घरी राहायचंय की दवाखान्यात? श्वासाचा त्रास झाला तर मशीन लावलेलं चालेल का? कोणाला भेटायचंय, काही राहिलंय का? एकाच बैठकीत सगळं होत नाही. संध्याकाळी पाय चेपताना, अंगणात खुर्ची टाकून बसल्यावर थोडं थोडं होतं. आईला त्या वेळी जवळ बसवा. ती नुसती बसून असते त्याचं एक कारण हेही असू शकतं, की तिला या बोलण्यातून वगळलं गेलंय.

आता मदत. तुम्हाला जी सेवा हवी आहे तिचं नाव पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे वेदना, धाप, उलटी, बेचैनी कमी करणं आणि घरच्यांना आधार देणं. ही फक्त शेवटच्या दोन दिवसांसाठी असते असा समज डॉक्टरांमध्येसुद्धा आहे. खरं तर आजार बरा होणार नाही हे कळतं तेव्हाच ती सुरू व्हायला हवी. तुमच्यासाठी पुण्यातलं वारज्याचं सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर सोयीचं आहे. १९९७ पासून ते चालू आहे आणि सेवा विनामूल्य आहे. तिथे काही दिवस ठेवून दुखणं आटोक्यात आणतात, घरच्यांना शुश्रूषा शिकवतात आणि परत घरी पाठवतात. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन आहे. १९८६ साली सुरू झालेलं हे देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरा न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारं ठिकाण. त्यांची एक शाखा गोव्यात लोटलीला आहे. टाटा मेमोरियलचा स्वतंत्र पॅलिएटिव्ह विभाग आहे. वडिलांची फाइल टाटाची असेल तर आधी तिथेच विचारा. साताऱ्यात जिल्हा रुग्णालयात जाऊन “पॅलिएटिव्ह केअरची सोय आहे का” असं थेट विचारा, कारण राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे आणि तो जिल्हा रुग्णालयांमार्फतच चालतो. फोनवर विचारायचं असेल तर ‘साथ साथ’ ही पॅलिएटिव्ह केअरची देशपातळीवरची हेल्पलाइन आहे, १८०० २०२ ७७७७. तुमच्या जवळ कोण आहे ते तिथून कळेल.

पहिल्या भेटीला जाताना सगळे रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि एक साधी वही घेऊन जा. वहीत चार दिवसांची नोंद हवी: किती वाजता दुखलं, कुठे, कोणती गोळी दिली, किती वेळ आराम पडला, शौचाला कधी झाली. अर्धं काम ही वही करते.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात पोटाच्या वरच्या भागातून पाठीत जाणारी वेदना फार वाईट असते, म्हणून मॉर्फिनबद्दल जरा सविस्तर लिहितो. हे नाव काढलं की घरात दोन भीती उभ्या राहतात: व्यसन लागेल आणि जीव लवकर जाईल. कर्करोगाच्या वेदनेसाठी योग्य मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोंडावाटे दिलेल्या मॉर्फिनने या दोन्ही गोष्टी होत नाहीत. उलट दुखणं थांबल्यावर माणूस झोपतो, दोन घास खातो, नातवंडांशी बोलतो. मॉर्फिनची साधी गोळी घड्याळ लावून दर चार तासांनी द्यायची असते. दुखू लागल्यावर द्यायची असते हा गैरसमज आहे. मध्येच कळ आली तर जादा डोस किती द्यायचा हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. बद्धकोष्ठ हमखास होतं, त्यामुळे पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून बरोबरच हवं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस मळमळ आणि झोपाळूपणा असतो, घाबरून औषध बंद करू नका. ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, मान्यताप्राप्त संस्थांतूनच मिळते. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर अशा संस्थांना परवानगी मिळवणं सोपं झालं, तरी तालुक्याच्या ठिकाणी अजूनही वणवण होते. म्हणून दुखणं वाढण्याआधीच सोय करून ठेवा.

लिव्हिंग विलकडे येतो, म्हणजे बोलता येणार नाही अशा वेळी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याकडे. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि असं वैद्यकीय इच्छापत्र वैध ठरवलं. त्यामागे मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग यांचं प्रकरण होतं. १९७३ च्या हल्ल्यानंतर त्या २०१५ पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून जास्त काळ, जाणीव हरपलेल्या अवस्थेत त्याच रुग्णालयात होत्या आणि त्यांच्याबाबतच्या २०११ च्या निकालातून ही चर्चा पुढे गेली. २०१८ ची प्रक्रिया इतकी किचकट होती की फारसं कोणी त्या वाटेला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने ती सोपी केली.

आता ते असं करायचं. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या माणसाने स्वतःच्या इच्छेने लेखी लिहायचं, की आजार बरा होणार नाही आणि मला स्वतःला निर्णय घेता येणार नाही अशी वेळ आली, तर कोणते उपचार नकोत: व्हेंटिलेटर, डायलिसिस, छाती दाबून हृदय चालू करणं, नळीने अन्न. आपल्या वतीने बोलणाऱ्या एक किंवा अधिक व्यक्तींची नावं लिहायची. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर ते साक्षांकित करायचं. पूर्वी यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागायचं, ती अट गेली. एक प्रत नाव लिहिलेल्या नातेवाइकांकडे, एक नेहमीच्या डॉक्टरांकडे आणि एक स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. ग्रामपंचायतीत हे विचारलंत तर कदाचित कोणाला माहीत नसेल. अर्ज देऊन पोच घ्या.

दोन गोष्टी मात्र नीट समजून घ्या. एक, बाबा शुद्धीवर आहेत तोवर त्यांचा शब्दच चालतो. “मला अतिदक्षता विभागात नेऊ नका” हे ते आज स्वतः सांगू शकतात आणि डॉक्टरांनी ते फाइलमध्ये लिहून ठेवायला हवं. इच्छापत्र बोलता येणार नाही त्या वेळेसाठी असतं. दुसरं, रुग्णालयात चालू असलेले कृत्रिम उपचार थांबवायचे, तर तिथल्या डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ आणि मग दुय्यम मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला एक डॉक्टर असतो, अशा दोन पायऱ्या आहेत. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावं अशी अपेक्षा आहे. यासाठी कुटुंबाचं एकमत नसेल, तर त्या दोन दिवसांचे दोन आठवडे होतात. माझा सल्ला स्पष्ट आहे: बाबांनी घरी राहायचं ठरवलं, तर कागद कराच, पण त्याहून आधी दुखणं आणि धाप घरीच सांभाळणारी माणसं शोधा. घरी त्रास आवरला नाही की कितीही कागद असले तरी अॅम्ब्युलन्स बोलावली जातेच.

गावात कोणी म्हणेल, हे तर आत्महत्या करण्यासारखंच झालं. तसं नाही. इंजेक्शन देऊन कोणाचा जीव घेणं आपल्या देशात गुन्हाच आहे आणि इथे कोणी ते करत नाही. आजाराला त्याच्या वाटेने जाऊ देणं वेगळं. विनोबांनी १९८२ च्या नोव्हेंबरात पवनारला अन्न आणि औषध घेणं थांबवलं, तेव्हा महाराष्ट्राने हात जोडले होते. तुमच्या बाबांकडून एवढंही कोणी मागत नाही. नको असलेली यंत्रं नाकारायची, औषधं आणि माया चालूच ठेवायची.

भावाबद्दल. तो वाईट बोलत नाहीये. तो लांब आहे, त्याने बाबांची कूस बदललेली नाही, रात्रीचं कण्हणं ऐकलेलं नाही. दुरून प्रेम दाखवायचा एकच मार्ग त्याला दिसतो, पैसे आणि आयसीयू. त्याच्याशी वाद घालू नका. डॉक्टर घरी येतील तेव्हा व्हिडिओ कॉल लावा आणि त्याला डॉक्टरांनाच विचारू द्या: “आयसीयूत नेल्याने किती दिवस वाढतील आणि ते दिवस कसे असतील?” त्याहून चांगलं म्हणजे बाबांना त्याच्याशी बोलू द्या. आणि त्याला आत्ताच बोलवा. बाबा बोलत असताना आलेला आठवडा नंतरच्या दहा दिवसांच्या सुट्टीपेक्षा त्याला जास्त उपयोगी पडेल.

शेवटी काय होतं, हे तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. बहुतेक जण विचारत नाहीत आणि मग ऐन वेळी घाबरतात. झोप वाढत जाते. भूक जाते. इथेच घराघरांत भांडणं होतात, “दोन घास भरवा”, “निदान सलाईन तरी लावा” म्हणून. शरीर बंद होत चाललेलं असताना अन्न पचत नाही, आणि सलाईनचं पाणी पायात आणि छातीत साठून त्रास वाढवू शकतं. ते न खाण्याने जात नाहीत, आजाराने जातायत म्हणून खाणं सुटलंय. आईला हे कोणीतरी समजावून सांगायला हवं. जन्मभर वाढणारा हात असा थांबवणं तिला फार जड जाईल.

तिला दुसरं काम द्या, तोंडाची काळजी. बोटाला स्वच्छ गॉज किंवा मऊ सुती कापड गुंडाळायचं, कोमट पाण्यात बुडवून पिळायचं आणि जीभ, हिरड्या, गालाच्या आतली बाजू हलकेच पुसून घ्यायची. दर दोन-तीन तासांनी. ओठांवर व्हॅसलिनचा पातळ थर. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर व्हॅसलिन नको, नुसता ओला बोळा. गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. गंगाजल आणि तुळशीपत्रही ओठांना ओलं लावण्यापुरतंच. भाव तेवढाच पोचतो आणि ठसका लागत नाही.

अखेरच्या एक-दोन दिवसांत हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. श्वास मध्येच थांबतो, पंधरा-वीस सेकंदांनी पुन्हा सुरू होतो. घशात घरघर वाजते. ती ऐकणाऱ्याला भयंकर वाटते, पण गुंगीतल्या माणसाला तिचा त्रास बहुधा जाणवत नाही. एका कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा. आवाज कमी करणारं औषध डॉक्टरांकडून आधीच आणून ठेवा. त्यांना ऐकू येतंय असं धरूनच बोला. हात धरा.

गावातल्या एखाद्या डॉक्टरांना आत्तापासूनच अधूनमधून घरी येऊन बघायची विनंती करा. घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला, म्हणजे नमुना ४अ, शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच द्यायचा असतो. आधी कधीच न पाहिलेला डॉक्टर तो देत नाही आणि मग स्मशानात नेण्याआधीच अडतं. नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करायची. आधारवरचं नाव आणि दाखल्यावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का ते तिथेच वाचून बघा. प्रती बऱ्याच घ्या, प्रत्येक खिडकीवर लागतात.

नेत्रदान करायची इच्छा असेल तर रक्ताचा कर्करोग सोडून बहुतेक कर्करोगांत ते चालतं. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनीही अडत नाही. मृत्यूनंतर लगेच नेत्रपेढीला कळवायचं, कारण डोळे सहा तासांच्या आत काढून घ्यावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, पंखा बंद करायचा, डोकं उशीवर थोडं उंच. देहदानाचं मात्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाशी आधीच बोलून ठेवा. काही वेळा देह स्वीकारत नाहीत, तेव्हा दुसरी तयारी हवी.

मालमत्तेचं मृत्युपत्र हा वेगळा कागद. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे, पण जमीन असेल तर करून घ्या. ज्याला वाटा मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, आणि बाबांची मनःस्थिती उत्तम असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडा. बँकेत नॉमिनी तपासा. नॉमिनी हा पैसे ताब्यात घेणारा, मालकी वारसांचीच. आईचं नाव खात्यात ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने जोडता आलं तर तिला दुसऱ्या दिवशी भाजीसाठी कोणापुढे हात पसरावा लागणार नाही. निवृत्तिवेतनाचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, कुठे आहे ते बाबांनाच विचारा आणि त्यावर आईचं नाव, जन्मतारीख बरोबर आहे का बघा, कारण कुटुंब निवृत्तिवेतन त्यावरच सुरू होतं. बाबांचा मोबाइल नंबर घाईने बंद करू नका, सगळे ओटीपी तिथेच येतात.

आता आई. दहाव्यापर्यंत घर भरलेलं असतं, तेराव्यानंतर एकदम रिकामं होतं. खरा आधार महिन्याभराने लागतो. तेव्हा फोन करा, जाऊन राहा, बाबांचा विषय टाळू नका. रडणं, झोप उडणं, ते हाक मारतायत असा भास होणं, हे सगळं शोकात होतं आणि त्याला औषध लागत नाही. पण सहा महिने उलटून गेल्यावरही दिवस ढकलणं अशक्य होत असेल, जेवणखाण सुटलं असेल, किंवा “मलाही जायचंय” असं ती म्हणू लागली, तर थांबू नका. हे शेवटचं वाक्य पहिल्या आठवड्यात आलं तरी थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करतेय, तिथेही समुपदेशन मिळतं. हे तुमच्यासाठीही आहे ताई. पुणे-सातारा करणारी, औषधांची वही ठेवणारी, भावाला समजावणारी मुलगी सगळं संपल्यावर कोसळते, हे मी फार वेळा पाहिलंय.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवावी लागेल. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ ला या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तोच कित्ता सगळ्या गावांनी गिरवावा असं परिपत्रक काढलं. आईला काय हवंय ते तिलाच शांतपणे विचारा. जमलं तर बाबांच्या समोर विचारा, म्हणजे त्यांचाही शब्द तिच्या पाठीशी राहील. मग आत्या किंवा थोरल्या काकू, ज्यांचं भावकीत ऐकतात अशा एखाद्या बाईंना विश्वासात घ्या आणि त्या दिवशी आईच्या शेजारी त्यांनाच उभं करा. त्या गर्दीत मुलीचं कोणी ऐकत नाही, वयाने मोठ्या बाईचं ऐकतात.